ओळीतलं पहिलं नाव

त्या शुक्रवारी माझ्या डब्याच्या पिशवीत एक स्टॅम्पपेपर होता. त्यावर टाईप केलं होतं, की ‘मी आजपासून ललिता कारभारी शिरसाठ हे नाव सोडून दिले असून त्या नावाशी माझा यापुढे काहीही संबंध राहणार नाही, मला मोहिनी गोरक्ष सानप या नावानेच ओळखण्यात यावे.’ खाली सहीची जागा मोकळी होती. माझ्या नवऱ्यानं, गोरक्षनं, हा कागद आदल्या दिवशीच सिन्नरच्या टायपिस्टकडून करून आणला होता. सकाळी बूट घालता घालता तो म्हणाला, “पाचच्या आत सही करून साहेबांना दे आणि एकदाचं मिटव.” आणि किक मारून कामावर गेला.

मिटव म्हणे. जीपमध्ये मी तो कागद तीनदा उघडला आणि तीनदा घडी घातली. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, कोर्टाचं हाय का काही. मी म्हटलं, हो, माझ्यावरच केस आहे.

झालं होतं असं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या गिअर कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे, ती कंपनी त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. जुन्या शेठनं मला चार वर्षं कंत्राटावर ठेवलं होतं. नवे लोक कायम करणार होते, पण कागद बघून. पर्सोनेलला नवे साहेब आले होते, त्यांनी माझी फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. डिप्लोमा ललिता शिरसाठचा, हजेरीपुस्तक ललिता शिरसाठचं. रेशनकार्ड, बँक, पॅनकार्ड मोहिनी सानपचं. साहेब म्हणाले, “तुमच्याकडे दोन बायकांचे कागद आहेत. आम्हाला एकच बाई घ्यायचीय. शुक्रवारी पाचला यादी पुण्याला जाते. तोवर एक नाव आणा, नाहीतर कंत्राटावरच राहा.”

यात साहेबांचं तरी काय चुकलं. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं. बापाच्या जागी नवरा येतो, आडनाव बदलतं, ते सगळ्याच बायकांचं होतं. पण सानपांच्या घरात पहिलं नावही बदलायची पद्धत होती. वरात घरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले, गोरक्षनं अंगठीनं त्यात काहीतरी लिहिलं आणि सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. मीही वाकले. मोहिनी. कोणी ठरवलं, तर म्हणे गुरुजींनी अक्षर काढून दिलं होतं. ज्या बाईला ते नाव लागणार होतं तिला सोडून सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत होतं. मी हसले, पेढा वाटला. मग त्या ताटातल्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर झाली आणि मी ती खाल्लीसुद्धा.

दोन वर्षं मी दोन्ही नावांना ओ देत राहिले. सिन्नरला जीपमधून उतरले की मोहिनी, अंबडला बसमधून उतरले की ललिता. त्रास काही नव्हता. पण सोडून दिलं, संबंध नाही, असं कोणी लिहून मागितलं नव्हतं तोपर्यंत.

आणि नेमकं त्याच शुक्रवारी पुण्याहून दुसरं फर्मान आलेलं. सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरची नावं आणि नेटवर्कवरचे आकडी पत्ते एका पद्धतीनं करायचे. आमच्या सर्व्हरचं, म्हणजे ज्या मुख्य कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या फायली असत त्याचं, नाव होतं एकलहरे. ते मी ठेवलं होतं. जुन्या शेठनं मला सांगितलं होतं, की पोरी, हे मशीन तूच उभं केलंस तर नावही तूच दे. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, मी त्या चिमण्यांच्या खाली वाढले. सगळ्यांना पुरवणारं ते एकलहरे, असा माझा साधा हिशोब होता. कारखान्यातल्या सगळ्या मशीनची ड्रॉइंगं त्या सर्व्हरवरून जायची. आता त्याचं नाव होणार होतं एनएसके-एएमबी-शून्य-एक. कैद्याला देतात तसं.

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसले. बसले कसली, उभीच होते. खुर्चीवर बसवेना. सर्व्हर लिनक्सवर चालायचा, त्यात नाव बदलायचं म्हणजे फार काही नाही. चालू मशीनला एक आज्ञा दिली की तिथल्या तिथे नाव बदलतं, पण बंद करून चालू केलं की जुनं परत येतं. म्हणून ते नेटवर्कच्या फाईलमध्येही लिहावं लागतं. मग नेटवर्कच्या कार्डाचा पत्ता बदलायचा. आणि मग होस्ट्स नावाची एक फाईल असते, तिच्यात एका ओळीवर पत्ता आणि त्याच्यापुढे नाव. एका पत्त्यापुढे दोन-तीन नावंही लिहिता येतात. त्यातलं पहिलं मशीनचं खरं नाव धरतात, मागची नुसती हाक मारायला.

जुनी ओळ ठेवून तिच्याखाली नवी लिहिली असती तरी चाललं असतं. चांगला कारागीर तसंच करतो, आठ दिवस दोन्ही ठेवतो. मला हे माहीत होतं. पण त्या दिवशी मला काहीच अर्धवट नको होतं. व्हायचं तर सगळंच होऊ दे, असं म्हणत मी एकलहरेची ओळ पुसली, पत्ता बदलला, नेटवर्क बंद करून चालू केलं. पडद्यावर नव्या नावाचा कर्सर लुकलुकायला लागला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसता राग आला.

मग पुण्याच्या माणसानं केलेली यादी घेऊन कारखान्यात फिरले. हा माणूस आदल्या आठवड्यात येऊन प्रत्येक शेडमधले कॉम्प्युटर मोजून गेला होता. यादीत अकरा होते. अकराही ठिकाणी जाऊन मी सर्व्हरचं नवं नाव, नवा पत्ता लिहिला, ड्रॉइंग उघडतंय का बघितलं आणि पुढे गेले. वाटेत दोघांनी चहा विचारला, मी नको म्हटलं. अकरावा संपवून घड्याळ पाहिलं तर साडेअकरा. पिशवीतला कागद काढून सही करायला पेन उघडलं. पेन चालेना. झटकलं तर शाईचा ठिपका भिंतीवर गेला. सही राहिली.

बारा वाजता फोन आला. भट्टीवरचा धोंडीराम बोलत होता. हा माणूस वीस वर्षं तिथे, गिअर तापवून पाणी द्यायचं काम त्याचं, आणि सबंध कंपनीत मला ताई म्हणणारा तो एकटाच.

“ललिताताई, एकलहरे सापडत नाय,” तो म्हणाला. “मशीन म्हनतंय असं कोनी नाय हितं.”

भट्टीवर कॉम्प्युटर होता. मीच चार वर्षांपूर्वी बसवला होता. आणि तो यादीत नव्हता.

“भट्टीत माल आहे का?”

“हाय तर. पुन्याच्या ऑर्डरचा. आता किती वर न्यायचा आन् किती वेळ ठिवायचा ते चार्टात आसतं. मला तोंडपाठ हाय, पन नवे सायब म्हनले चार्ट बघितल्याबिगर हात लावायचा नाय. आर्धा तास थांबंल, जास्त नाय.”

मी पळतच गेले. भट्टीच्या शेडमध्ये कोपऱ्यात लाकडी कपाट होतं. काजळी आत जाऊ नये म्हणून धोंडीरामनं कॉम्प्युटरभोवती ते स्वतःच ठोकून घेतलं होतं. दाराला लाल पडदा, वर दत्ताची तसबीर, खंडेनवमीच्या पूजेत कपाटावर काढलेलं स्वस्तिक अजून तसंच, आणि समोर उदबत्तीचं घर. रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी तो तिथे उदबत्ती लावायचा.

“तो पुण्याचा माणूस इथे आला नव्हता का?” मी विचारलं.

“आला व्हता की. बूट भायेर काढले, हात जोडले, आन् गेला.” धोंडीराम हसू दाबत म्हणाला. “म्या म्हटलं, लय देवभोळा दिसतोय.”

देव समजून नमस्कार करून गेला होता बापडा, यादीत देव्हारा कसा लिहील. पण त्याला काय हसायचं. तो परका होता, मी नव्हते. मला सगळं ठाऊक होतं आणि मी दुसऱ्यानं केलेल्या यादीवर विसंबून, रागाच्या भरात, सगळं पुसून मोकळी झाले होते.

पडदा बाजूला सारून मी तिथे नवा पत्ता घालून बघितला. उपयोग नव्हता. भट्टीचा प्रोग्राम एका माणसानं शेठच्या वेळी लिहून दिला होता, तो माणूस केव्हाच दुबईला गेला. त्यानं जुनं नाव आणि जुना पत्ता प्रोग्रामच्या पोटातच लिहून ठेवला होता. त्याला एकलहरेच हवं होतं, दुसऱ्या कोणाचं तो ऐकणार नव्हता. जुना पत्ता मी परत घातला आणि धोंडीरामला म्हटलं, दहा मिनिटं थांबा.

परत सर्व्हरच्या खोलीत. दोनदा चुकीचं टाईप झालं. नेटवर्कच्या एकाच कार्डाला दोन पत्ते देता येतात. नवा होता तसा राहू दिला आणि जुना दुसरा म्हणून घातला. फाईल वाटणाऱ्या प्रोग्रामला सांगितलं, की एकलहरे म्हणून हाक आली तरी ओ द्यायची. होस्ट्सच्या फाईलमध्ये दोन्ही नावं एका ओळीत लिहिली. घाईत एकलहरे आधी लिहिलं गेलं. मग मशीनला त्याचं पूर्ण नाव विचारलं तर ते म्हणालं, एकलहरे.

मी खुर्चीवर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच.

सगळं नवं होतं तिथे. नवी फाईल, नवा पत्ता, नवं नाव लिहिलेलं. आणि तरी ओळीत जे पहिलं होतं तेच ते स्वतःला म्हणत होतं. पुण्याला हे चाललं नसतं, म्हणून मी दोन्हीची अदलाबदल केली, नवं पुढे आणि जुनं मागे. मशीननं मुकाट्यानं ऐकलं. मशीनला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

फोन वाजला. “गावलं गं ताई एकलहरे,” धोंडीराम म्हणाला. “चार्ट आला. जेव आता.”

जेवले नाही. डब्याच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला आणि कंपनीबाहेरच्या पीसीओवरून गोरक्षच्या मोबाईलला फोन लावला.

“अहो, ऐका. हा कागद मी देणार नाही. दुसरा करून घेते.”

“का? काही चुकलंय का टायपिंगमध्ये?”

“टायपिंग बरोबर आहे. मी नाव सोडलेलं नाही, तर सोडलं असं का लिहून देऊ? दोन्ही नावं माझीच आहेत असं लिहिते. आणि पहिलं ललिता.”

पलीकडे त्याच्या मशीनचा आवाज येत होता. गोरक्ष वाईट माणूस नाही. कागद करताना त्याच्या मनात काही नव्हतं, बायकोचं काम लवकर व्हावं एवढंच होतं. म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं.

“आईला काय सांगायचं?” तो म्हणाला.

“मी सांगेन.”

“आणि साहेबांनी नाही घेतलं तर?”

“तर राहीन कंत्राटावर.” चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी एका ओळीसाठी घालवायला निघाले होते, आणि ते मला चांगलं कळत होतं.

“बघ बाई,” तो म्हणाला. आणि फोन ठेवायच्या आधी, “पण पाचच्या आत दे.”

सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ एक नोटरी बसायचे. त्यांच्या दारात टाईपरायटर घेऊन बसलेल्या गृहस्थांना मी मजकूर सांगितला. त्यांनी दोन बोटांनी ठकठक करत ‘मोहिनी गोरक्ष सानप उर्फ’ एवढं टाईप करूनही टाकलं.

“तसं नाही काका. ललिता कारभारी शिरसाठ उर्फ मोहिनी गोरक्ष सानप.”

“माहेरचं नाव उर्फच्या मागं लावतात ताई. तीस वर्षं हेच करतोय मी.”

“माझं पुढे लावा.”

“वाचताना चमत्कारिक वाटेल. पोलिसांच्या कागदात गुन्हेगाराचं असतं तसं.”

“वाटू दे. तो कागद फाडा आणि नव्यानं करा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग कागद बदलला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, असं खाली आलं. मी सही केली. हजेरीपुस्तकात नुसती आद्याक्षरं घालायचे, ललिता अशी पूर्ण सही करून मला दोन वर्षं झाली होती. तिचा ल मोठा यायचा, तसाच आला. नोटरींनी त्यावर शिक्का मारला.

पर्सोनेलच्या साहेबांपुढे मी उभी राहिले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. त्यांनी कागद वाचला. परत वाचला. मी टेबलाची कड धरून उभी होते.

“मी एक नाव मागितलं होतं,” ते म्हणाले.

“एकच बाई मागितली होती सर. ती आणलीय.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. “ओळखपत्रावर एवढं मावत नाही. वीस अक्षरांची जागा आहे. ओळीत जे पहिलं असेल तेच घालतात, पगाराला आणि सगळीकडे. बँकेला हा कागद जोडून द्या.” आणि यादीत शेवटच्या ओळीवर त्यांनी लिहिलं, ललिता का. शिरसाठ. फॅक्सच्या मशीनमधून ती यादी आत सरकून पलीकडून बाहेर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गोरक्ष माझ्या आधीच आला होता आणि पेपर उलटा-सुलटा करत ओसरीवर बसला होता. त्यानं वर पाहिलं, मी ‘झालं’ अशी मान हलवली. सासूबाई, वत्सलाबाई, आत भाकरी थापत होत्या. मी हातपाय धुतले आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसले. वाटभर वाक्यं जुळवली होती, भांडायचीही तयारी होती.

“कामावर कायम झाले,” मी म्हटलं. “पण माहेरच्या नावानं. तिथे ललिताच लावलंय. मोहिनी मागे आहे.”

वत्सलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “तुला इचारलं का त्यांनी, कंचं लावू म्हनून?”

“नाही. मीच सांगितलं.”

भाकरी उलटून त्यांनी ती आरावर उभी केली. ती टम्म फुगली तरी त्या तिच्याकडेच बघत होत्या. करपायला लागली तेव्हा मीच ती काढली.

“माझं चिमणा व्हतं,” त्या म्हणाल्या.

दोन वर्षांत भेटलेले नातेवाईक, शंभर वेळा आलेले पाहुणे, कोणाच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. ओसरीवरच्या पेपरचा आवाज थांबला. गोरक्षनंही ते ऐकलं नसावं कधी.

“धाकट्या भावानं मारली शेवटची हाक. तो जाऊनबी आता लय वर्सं झाली.” त्यांनी पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले. “तुला लिव्हता येतंय. लिव्ह बरं. कसं दिसतंय बघू.”

घरात पेन होतं, कागद सापडेना. मग मी पिशवीतून गोरक्षचा तो सही नसलेला स्टॅम्पपेपर काढला आणि मागची कोरी बाजू वर केली.

“फक्त चिमणा?”

“छ्या. पुरं लिव्ह.” आणि ज्या बाईला काल काय खाल्लं ते आठवत नाही, ती एका दमात म्हणाली, “चिमणा गोटीराम आव्हाड.”

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. कोणतं नाव कुठे संपतं ते विचारत त्यांनी पिठाचं बोट तीनही नावांवरून फिरवलं, आणि मग चिमणावर परत आणून ठेवलं.